चालत्या गाडीतील बिनतारी

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर सोडले की थोड्या वेळाने ‘भंडारा रोड’ नावाचे स्थानक लागते. स्थानकाचे नाव भंडारा असले तरी भंडारा शहर येथून सुमारे दहा किलोमीटर दूर आहे. स्थानक ज्या गावात आहे त्याचे नाव वरठी. बाहेरच्या लोकांना हे गाव माहीत असते ते पोलादाच्या कारखान्यामुळे. बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि मधूनमधून सागाची व पळसाची झाडे.

२०१२ साली मार्च महिन्यात आम्ही काही जण एक फिरती प्रयोगशाळा घेऊन या गावात गेलो होतो. एका जुन्या मिनीबसमध्ये सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, रसायने आणि चार संगणक बसवलेले होते. मुलांना उपग्रहांनी घेतलेली ताजी छायाचित्रे दाखवावीत, दूरच्या शास्त्रज्ञांशी त्यांना बोलता यावे, यासाठी गाडीत इंटरनेट हवे होते. गावात मोबाइल फोन पोचला होता, पण त्यावरून एक चित्र उघडायला चहा पिऊन होत असे. म्हणून भंडारा शहरातील एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर एक अँटेना आणि गाडीच्या टपावर सहा मीटर उंच नळीवर दुसरी अँटेना, अशी जोडणी आम्ही केली. पहिल्याच प्रयत्नात ती चालली. मुले खूश, शिक्षक खूश आणि सर्वांत जास्त खूश आम्ही.

जुलैत शाळा सुरू झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. गाडी त्याच जागी उभी केली, अँटेना त्याच दिशेला वळवली. समोर आठवी-नववीची चाळीस मुले बसली होती. आणि पडद्यावर काहीच येईना. तास-दीड तास खटपट केली. शेवटी मुलांना दुर्बीण दाखवून वेळ मारून नेली.

काय बिघडले होते ते पुढे सांगतोच. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनात राहिला: चालत्या किंवा जागा बदलणाऱ्या गाडीशी तारेवाचून संपर्क ठेवण्याचा उद्योग माणसाने केव्हा सुरू केला आणि तो कसकसा पुढे गेला? शोधत गेलो तेव्हा लक्षात आले की हा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे आणि त्याची सुरुवात आगगाडीपासूनच होते.

रुळांशेजारची तार

वरठीवरून जाणारा लोहमार्ग मुळात मीटरगेज होता. १८८० नंतरच्या दोन वर्षांत नागपूर-छत्तीसगढ रेल्वे म्हणून तो राजनांदगावपर्यंत पोचला. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो घेतला आणि रुंद केला. जेथे रूळ गेले तेथे त्यांच्या कडेने तारायंत्राचे खांबही गेले. एका स्थानकाने पुढच्या स्थानकाला ‘गाडी सुटली’ असे कळवायचे, हे या तारेचे मुख्य काम. पण यात एक उणीव होती. स्थानक स्थानकाशी बोलू शकत होते. दोन स्थानकांच्या मध्ये धावणारी गाडी मात्र मुकी होती. मध्येच ती अडली तर कोणाला कळायचे नाही.

ही उणीव अमेरिकेतही होती. तेथे एडिसन, ल्यूशियस फेल्प्स आणि ग्रॅनव्हिल वुड्स हे तिघे एकाच सुमारास या प्रश्नामागे लागले. त्यांची युक्ती अशी: डब्याचे पत्र्याचे छप्पर आणि रुळांशेजारची तार यांच्यामध्ये हवा असते. दोन धातूंच्या मध्ये विद्युतरोधक पदार्थ असला की त्याचे धारित्र बनते, हे आपण दहावी-अकरावीत शिकवतो. छपरावरील विद्युतभार वेगाने बदलला तर त्याचा परिणाम तारेवर उमटतो, जरी दोन्ही एकमेकांना चिकटलेले नसले तरी. १८८७ साली अमेरिकेतील लीहाय व्हॅली रेल्वेवर अशी यंत्रणा बसवून चालत्या गाडीतून संदेश पाठवून दाखवण्यात आले. एडिसन व वुड्स यांच्यात एकस्वाबद्दल वादही झाला आणि त्यात वुड्स हे कृष्णवर्णीय संशोधक जिंकले. यंत्रणा चालली, पण धंदा म्हणून ती टिकली नाही. त्या काळच्या प्रवाशांना गाडीत बसून तार करण्याची निकड वाटत नव्हती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही पद्धत ‘बिनतारी’ होती ती फक्त काही फुटांपुरती. पुढचा सारा प्रवास तारेतूनच होत असे. आजच्या मोबाइलचेही तसेच आहे. फोनपासून मनोऱ्यापर्यंतचा तुकडा तेवढा बिनतारी. मनोऱ्यापासून पुढे बहुधा काचतंतू.

लहरी सुट्या होतात

याच सुमारास, १८८७-८८ मध्ये, जर्मनीत हाइनरिश हर्ट्‌झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतींच्या आरपार पाठवून पलीकडची घंटा वाजवली आणि दारू पेटवली. बोस यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटर होती. इतक्या आखूड लहरींचा उपयोग त्या वेळी कोणाला सुचणे कठीण होते. आज मात्र एका गच्चीवरून समोरच्या गच्चीवर माहिती पाठवण्यासाठी पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरल्या जातात.

मार्कोनी यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी लांब लहरी आणि उंच अँटेना वापरून अंतर वाढवत नेले. १९०१ च्या डिसेंबरात त्यांचा अटलांटिकपार गेलेला संकेत सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी केलेला त्यांचा दुसरा एक उद्योग तितकासा माहीत नाही. थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या वाफेवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या टपावर त्यांनी धातूचे एक उंच नळकांडे बसवले. हीच अँटेना. गाडी रस्त्याने जाताना ते आडवे करून ठेवता येई आणि थांबल्यावर उभे करता येई. या गाडीतून सुमारे ३० किलोमीटरपर्यंत संदेश जात. बिनतारी यंत्र घेऊन रस्त्यावर धावलेली ही पहिली मोटारगाडी म्हणता येईल. आमच्या मिनीबसच्या टपावरची सहा मीटरची नळी ही तिचीच दूरची नात.

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेत भाग आहे. १९२७ मध्ये भारत व इंग्लंड यांच्यातील बिनतारी तारसेवा सुरू झाली ती खडकी व दौंड येथील केंद्रांमार्फत. तेथील अँटेना लहरी चारी दिशांना न उधळता शलाकेसारख्या एकाच दिशेला पाठवत. दिव्यामागे आरसा धरल्यावर प्रकाश एकीकडे जातो, तसेच हे. पुढे १९७१-७२ मध्ये पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे (वर्धा जिल्ह्यातील आर्वी नव्हे) उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. त्याची जवळपास ३० मीटर व्यासाची तबकडी म्हणजे त्याच आरशाची सुधारलेली आवृत्ती.

गाड्यांकडे परत येऊ. १९२६ साली बर्लिन-हॅम्बुर्ग मार्गावर धावत्या गाडीतून दूरध्वनी करण्याची सोय प्रवाशांना मिळाली. तीही रुळांशेजारच्या तारांचाच आधार घेऊन. १९२८ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पोलिसांनी मोटारींमध्ये रेडिओ बसवले. मोटारीतील शिपायाला ऐकू येई, पण उत्तर देता येत नसे. १९४६ मध्ये सेंट लुइस शहरात मोटारीतून दूरध्वनी सुरू झाला. यंत्राचे वजन ३५ किलोच्या वर आणि साऱ्या शहरात एका वेळी मोजकीच माणसे बोलू शकत. वाहिन्या थोड्या आणि मनोरा एकच, मग दुसरे काय होणार? यावर उपाय म्हणून शहराचे लहान लहान खण पाडावेत, प्रत्येक खणात कमी शक्तीचा मनोरा असावा आणि त्याच वाहिन्या दूरच्या खणात पुन्हा वापराव्यात, ही कल्पना १९४७ मध्येच बेल प्रयोगशाळेत मांडली गेली. आजचा ‘सेल’ फोन तो हाच.

इंटरनेटची मिनीबस

आता या इतिहासातील मला सर्वांत रंजक वाटणारा भाग. इंटरनेट म्हटले की मोठ्या इमारतीतील संगणक आणि जाड तारा डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात इंटरनेटची एक मोठी परीक्षा चालत्या गाडीत झाली.

१९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी ‘अलोहा’ नावाचे जाळे सुरू केले. निरनिराळ्या बेटांवरील माणसांना एकच संगणक वापरायचा होता आणि मध्ये समुद्र. म्हणून रेडिओ. पण सर्वांची वाहिनी एकच. दोघे एकदम बोलले तर? अब्रॅमसन यांचे उत्तर साधे होते. बोलायचे असेल तेव्हा बोला. पोचल्याची पावती आली नाही, तर टक्कर झाली असे समजा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा. मात्र प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबायचे. वर्गात दोन मुले एकदम उत्तर द्यायला उठली, दोघेही थबकली आणि मग एक आधी बोलले, असे आपण रोज पाहतो. गणित करता असे दिसते की या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळ उपयोगी पडतो. पण जेथे काहीच नव्हते तेथे १८ टक्के पुष्कळ झाले.

पुढे १९७४ मध्ये व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी निरनिराळ्या जातीची जाळी एकमेकांना जोडण्याचे नियम मांडले. अमेरिकी लष्कराला हे हवे होते ते रणांगणावरील फिरत्या वाहनांसाठी. कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेने पावभाजीच्या नव्हे, पण पाव पोचवणाऱ्या गाडीसारखी दिसणारी एक बंदिस्त गाडी घेतली, तीत संगणक व रेडिओ भरला आणि ती महामार्गावर सोडली. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी या धावत्या गाडीतून निघालेले माहितीचे गठ्ठे आधी रेडिओने जवळच्या केंद्रात गेले, तेथून तारेच्या जाळ्यातून अमेरिका ओलांडून उपग्रहमार्गे नॉर्वे व इंग्लंडला पोचले आणि पुन्हा उपग्रहाने परत येऊन लॉस एंजलिसजवळच्या संगणकात उतरले. सरळ अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर. सर्फ यांच्या हिशेबाप्रमाणे गठ्ठ्यांचा प्रवास दीड लाख किलोमीटरच्या आसपास. रेडिओ, तार आणि उपग्रह अशी तीन वेगळी जाळी एका नियमाने एकत्र चालली. ती गाडी आज कॅलिफोर्नियातील संगणकाच्या इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

आपल्याकडे याच्या दोनच वर्षे आधी वेगळा प्रयोग झाला होता. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या एका उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शन पोचले. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता. पण वरठीवरून जाणाऱ्या याच लोहमार्गावरील रायपूरच्या आसपासची खेडी त्यात होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या तीन मीटरच्या तबकड्या गावांत बसल्या. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली, उपग्रह दुसरीकडे सरकवला गेला आणि बहुतेक गावांतले पडदे रिकामे झाले. नंतर जमिनीवरील प्रक्षेपकांमार्फत काही भागांत सेवा चालू राहिली, हे खरे. पण संपर्क देणे आणि संपर्क ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

भारताच्या ‘अ‍ॅपल’ या उपग्रहाचे बैलगाडीवरील छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. १९८१ मध्ये तो अवकाशात गेला. ‘बिचाऱ्यांकडे ट्रक नव्हता’ असे त्यावर हसणारे भेटतात. खरे कारण वेगळे. अँटेनाची चाचणी घेताना भोवती लोखंड असेल तर लहरी त्यावरून परावर्तित होऊन मोजमाप चुकते. लाकडी बैलगाडी ही त्या कामासाठी योग्यच गाडी होती. वर्गात अवश्य सांगावे असे हे उदाहरण आहे.

वाय-फाय लांब पल्ल्याला जाते

वाय-फायचा पहिला मानक १९९७ मध्ये आला. तो होता एका खोलीसाठी, फार तर एका इमारतीसाठी. पण २००२ च्या सुमारास आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच स्वस्त यंत्रे उंच मनोऱ्यांवर, तबकडीसारख्या अँटेना लावून, खेड्याखेड्यांत वापरून पाहिली. जवळजवळ ४० किलोमीटरपर्यंत जोडणी झाली. तेथेच सायकल-रिक्षावर संगणक ठेवून गावोगाव नेणारा ‘इन्फोठेला’ही निघाला. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात ‘डाकनेट’ हा आणखी चतुर प्रयोग झाला: एसटीसारख्या बसमध्ये वाय-फाय यंत्र बसवले, बस गावात आली की तेथील संगणकातील पत्रे व अर्ज उचलायची आणि शहरात पोचली की उतरवायची. इंटरनेटचा पोस्टमनच म्हणा. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये दोन उंच जागांमध्ये ३८२ किलोमीटरची जोडणी करून दाखवली.

यात अडचण कोणती? वाय-फायचे यंत्र संदेश पाठवून पावतीची वाट पाहते. लहरींना ३० किलोमीटर जायला १०० मायक्रोसेकंद लागतात आणि परत यायला तितकेच. खोलीसाठी बनवलेले यंत्र तितके थांबतच नाही. पावती हरवली असे समजून पुन्हा पाठवते. म्हणून त्याची थांबण्याची वेळ वाढवावी लागते. दुसरी अडचण कायद्याची होती. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याशिवाय उघड्यावर वापरण्याची मोकळीक २००५ मध्ये मिळाली. ती नसती तर आमची गच्ची आणि आमची गाडी यांच्यामधली जोडणी बेकायदा ठरली असती.

जुलैत काय बिघडले?

आता वरठीकडे. दहा किलोमीटरवर २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी इतक्या पसरतात की साध्या अँटेनांच्या बाबतीत पाठवलेल्या शक्तीचा एक लाख कोटीवा भागच पलीकडे पोचतो. चांगल्या तबकडीने प्रत्येक टोकाला सुमारे २५० पट फायदा होतो आणि तेवढ्यावर काम भागते. म्हणजे अंतर ही अडचण नव्हती.

अडचण होती मार्गाची. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. पण लहरी दोऱ्यासारख्या जात नाहीत. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली अशी, लांबट काकडीच्या आकाराची जागा त्यांना मोकळी लागते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. दहा किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर तिची त्रिज्या जवळजवळ १८ मीटर असते आणि टोकापासून अर्ध्या किलोमीटरवर सुमारे ८ मीटर. आमच्या वाटेत मध्ये बहुतेक बांध्याच होत्या. पण गाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर सागाची एक रांग होती. मार्चमध्ये सागाची पाने गळालेली होती. नुसत्या फांद्यांमधून लहरी निभावून गेल्या. जुलैत त्याच झाडांवर सुपाएवढी हिरवी पाने, तीही पावसात भिजलेली. पाणी या लहरी शोषून घेते. आम्ही अंतर मोजले, शक्तीचा हिशेब केला, पण ऋतू मोजायला विसरलो. चूक सर्वस्वी आमची होती.

दुसऱ्या दिवशी हे सारे फळ्यावर काढून मुलांना सांगितले तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, मग झाडे तोडावी लागतील का?” प्रश्न ऐकून मी क्षणभर गप्प झालो. मग मुलांनाच उपाय शोधायला सांगितले. अँटेना उंच करावी, हे उत्तर लगेच आले. पण गाडीच्या टपावर पंधरा मीटरची नळी वाऱ्यात टिकणार कशी? शेवटी एक मुलगा म्हणाला, “पाण्याच्या टाकीवर लावली तर?” गावाची टाकी झाडांपेक्षा उंच होती. पंचायतीने परवानगी दिली. टाकीवर एक अँटेना भंडाऱ्याकडे तोंड करून आणि दुसरी खाली शाळेकडे, अशी जोडणी केल्यावर काम झाले. झाडे जागच्या जागी राहिली.

यात आमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट मुलांच्या उपायाने आपोआप साधली. अँटेना गाडीच्या टपावर होती तोवर इंटरनेट गाडीबरोबर येत होते आणि गाडीबरोबर जात होते. टाकीवर गेल्यावर ते गावात राहिले.

पालघर तालुक्यात खामलोली, ढुकटण अशा गावांत आयआयटी मुंबईने ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प केला, त्यामागेही हाच विचार होता. तेथे दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या वाहिन्या वापरून पाहिल्या. २.४ गिगाहर्ट्‌झच्या मानाने या लांब लहरी झाडीतून बऱ्या जातात. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिला संस्थेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

आज चित्र पालटले आहे. पृथ्वीपासून सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या हजारो लहान उपग्रहांमुळे प्रवासी गाडीच्या टपावर पाटाएवढी अँटेना ठेवली की काम होते. स्टारलिंक कंपनीने २०२२ मध्ये खास फिरत्या घरांसाठी अशी सेवा सुरू केली आणि भारतातील दूरसंचार परवाना तिला २०२५ मध्ये मिळाला. सागाची पाने आता कदाचित आडवी येणार नाहीत. पण वर आकाश मोकळे लागतेच, वीज लागतेच आणि दरमहाचे पैसेही लागतात. पैसे थांबले की संपर्क थांबतो. १९७६ साली उपग्रह सरकला तेव्हा जे झाले ते पुन्हा होऊ शकते.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करून पाहावा. एक फोन वाय-फाय देणारा आणि दुसरा घेणारा असे ठेवून, मैदानावर पावलांनी अंतर मोजत संकेताची तीव्रता नोंदवावी. मग मध्ये एक माणूस उभा करावा, नंतर ओल्या पानांची एक फांदी आणि शेवटी पत्रा. आलेख मुलांनी काढावा. आणि हाच प्रयोग मार्चमध्ये व जुलैत, असा दोनदा करावा. आम्ही दुसऱ्यांदा केला नव्हता.